दहा, बारा, चौदा, सतरा

वासू कोयंड्याची क्वालिस कापायला
कोल्हापूरचा भंगारवाला आला, तेव्हा
पत्रा बोटाने टोचला तरी बोट आत जात होतं.
तारामुंबरीची खार. बावीस वर्षं
जेटीपासून दोनशे पावलांवर उभी.
दरवाजे सुंभाने बांधलेले,
मागच्या सीटखाली कुठल्यातरी साली सांडलेल्या
हापूसच्या पेंढ्यात उंदरीण व्यालेली.

"इंजिनाचे वेगळे नाहीत," तो म्हणाला, "सगळं किलोवर."
वासू काही बोलला नाही. चावी फिरवली.
हिटरचा पिवळा दिवा लागला, विझला,
आणि अर्ध्या फेऱ्यात इंजिन बोलू लागलं
खालच्या आवाजात,
घरात कोणी झोपलं असल्यासारखं.

भंगारवाल्याने काटा खाली ठेवला.

मी हे इंजिन पहिल्यांदा उघडलं
तीन लाख किलोमीटरला, रज्जाकचाचांच्या हाताखाली.
उघडायचं कारण नव्हतं. टायमिंग बेल्टचा दिवा लागला होता,
बाकीचं चाचांना नुसतं बघायचं होतं.
आम्ही जीपवाले. हातोडा, छिन्नी,
पान्यांची पोतडी आणि शिव्या.
इथे दहा, बारा, चौदा, सतरा,
चार पान्यांत जवळजवळ सगळं टेबलावर.
हात अडेल अशी जागाच नाही.
"बनवणाऱ्यान आपल्या हाताचा माप घेतल्यान काय रे?"
मग सिलिंडरच्या भिंतीवर नख फिरवून गप्प झाले.
कारखान्यात ओढलेल्या तिरक्या रेघा
अजून दिसत होत्या.

व्हॉल्व्हची फट मोजायला त्यांनीच शिकवलं.
थंड इंजिनात, फिलरची पट्टी,
मिलिमीटरचा पाव भाग.
एवढी मोकळीक कशाला, मी विचारलं.
"तापल्यार लोखंडाक जागा लागता.
आधी ठेवलंस नाय, तर मागसून गावायची नाय."

कधीकधी त्या माणसाचा विचार येतो,
जपानात कुठेतरी ड्रॉइंगबोर्डवर वाकलेला.
त्याला काय ठाऊक फोंडाघाट,
रॉकेल मिसळलेलं डिझेल, कातळावरची लाल धूळ,
आत चौदा माणसं नि टपावर तीस पेट्या,
आणि ओरोसच्या हॉस्पिटलात सुनेला पोचवताना
वासूने तापमानाचा काटा बघितलाच नाही ती रात्र.
काही ठाऊक नसताना त्याने भिंत थोडी जाड ठेवली.
एवढ्या लोखंडातून आणखी कितीतरी घोडे निघाले असते,
त्याने काढले नाहीत.
चढावर नवी गाडी हॉर्न मारत पुढे जायची.
वासू म्हणायचा, जाऊंदे, फोंड्यात गावतलो.

बॉडी किलोवर गेली.
इंजिन जेटीवरच्या बर्फ फोडायच्या मशीनला बसलं,
बसवलं मीच.
पहाटे चारला ते सुरू होतं. वासूची बायको सांगते,
झोपेत ह्यांचा डावा पाय हलतो, क्लचवर.

उतरवताना सगळे बोल्ट निमूट सुटले.
एकच अडला. वॉटरपंपाचा, खालच्या अंगाचा.
बारा नंबरचा पाना बसेना.
हा तेरा होता. जीपचा.
त्या दिवशी चाचांच्या हातून एक बोल्ट मातीत गेला असणार,
आणि कोणाला न सांगता
त्यांनी खिशातला हा लावला.
आटे तेच, डोकं वेगळं.
तेल सोडलं, तापवला, रात्रभर ठेवला.
शेवटी डोकं हातात आलं, धड आत राहिलं.
अख्ख्या इंजिनात तुटलेला तेवढा एक,
तोही आमचा.

धड ड्रिलने काढलं. नवा बारा नंबर लावला.
डोकं मात्र टाकवेना,
फिलरच्या डबीत आहे.
चुकीचा असेल, पण चौदा वर्षं
तिथून पाण्याचा थेंब गळला नव्हता.