अर्धी किंमत

हॉलचं दार आठला उघडतं.
सव्वासातलाच माझ्यापुढे नऊजण,
त्यांत होबार्टहून आलेला गॅरिक, व्यापारी,
चाकांचे दोन क्रेट आणि छातीशी धरलेला फोन.
तो पुस्तक उघडत नाही, पालथं घालतो,
काळ्या रेघांवर फोन धरतो,
फोन टुक् म्हणाला तर क्रेटमध्ये, नाहीतर परत.
वाईट माणूस नाही. गेल्या साली
माझी गाडी ढकलायला तोच आला होता.

फेब्रुवारी. खोऱ्यात सफरचंदं अजून आंबट,
पॅकिंग शेड सुरू व्हायला तीन आठवडे,
म्हणजे खिशात मोजून अठरा डॉलर,
त्यातले तीन सॉसेजला, कारण
अग्निशमन दलाची पोरं कांदा जाळतात
तसा दुसऱ्या कुणाला जाळता येत नाही.

दार उघडतं. कुणी धावत नाही.
सगळे भराभर चालतात,
धावणं शोभत नाही अशा वयाची माणसं चालतात तसे.

केळ्यांच्या खोक्यांत पुस्तकं, कणे वर.
मान उजवीकडे वाकवून तासभर.
तीच वजन घटवणारी, तेच गुप्तहेर,
लग्नात आहेर आलेला
मायक्रोवेव्हचा कोरा करकरीत ग्रंथ,
आणि आमच्या खोऱ्यातल्या पुलांचा इतिहास, सहा प्रती.
त्या सहाही दर वर्षी परत येतात,
लांब नेऊन सोडलेल्या मांजरासारख्या.

मी काय शोधतो ते कुणाला सांगितलेलं नाही.
विषय नाही, लेखक नाही.
समासातली पेन्सिल शोधतो मी.

पहिल्यांदा सापडली आठ वर्षांपूर्वी, मेंढ्यांच्या पुस्तकात:
"हा गृहस्थ मेंढीजवळ कधी उभा राहिलेला नाही."
मग मधमाश्यांच्या:
"खोटं. त्या धुराने नाही, माझ्या बोलण्याने गप्प होतात."
एका समुद्रप्रवासात, वादळ ऐन भरात असताना:
"इथे दूध उतू गेलं."

नाव कुठेच नाही. बारीक, कललेलं अक्षर,
साताच्या पोटात आडवी रेघ.
अकरा जमली. पलंगाशेजारी त्यांची वेगळी फळी.
घरात मी एकटाच,
तरी त्या फळीसमोर कपडे बदलायला संकोचतो.

आज दहा वाजले तरी काही नाही.
गॅरिकचे क्रेट भरले, तो गेलासुद्धा.
मग टेबलाखाली, जिगसॉच्या डब्यांमागे,
पावाचं पुस्तक. कव्हर गेलेलं, पानांत पीठ.
पान एक्केचाळीस:
"तीनदा केला. तिन्ही वेळा वीट.
कोंबड्यांनीही तोंड फिरवलं."

गल्ल्यावर थेल्मा ट्रिफेट,
दर वर्षी किमती टाकते तीच,
एका हाताशी चहाचा बंब, कानामागे पेन्सिल.
तिने पुस्तक चाळलं.
"आत कुणीतरी गिरगटून ठेवलंय.
असली आम्ही अर्ध्या किमतीत काढतो."
आणि कपट्यावर माझी बेरीज मांडली:
सात. पोटात आडवी रेघ.

मागे रांग.
विचारता आलं असतं, मधमाश्या अजून आहेत का.
त्या कोंबड्यांचं पुढे काय झालं.
"पूर्ण किंमत घ्या," एवढंच म्हणालो.
चष्म्यावरून ती बघत राहिली,
जरा जास्तच वेळ.
मग आठ डॉलर डब्यात टाकत म्हणाली,
"बरं. बंबाच्या गाडीला टायर हवेतच."

रविवारी पान एक्केचाळीस करून पाहिलं.
वीट.
सोमवारी वीट, पण आत मऊ.
गुरुवारी फुगला.
ओट्याशी उभ्यानेच अर्धा संपवला,
सुरीने पेन्सिलीला टोक काढलं
आणि तिच्या ओळीखाली, जागा नव्हती म्हणून बारीक:
"पाणी पाव कप कमी. रात्रभर ठेवला. झाला."

पुढल्या विक्रीची पुस्तकं टाकायचं खोकं
हॉलच्या मागल्या ओसरीत वर्षभर असतं.
झाकण वाऱ्याने उडतं, म्हणून वर वीट.
वीट उचलली, पुस्तक ठेवलं,
वीट परत ठेवली.