बाहेरचं युनिट

थंडी नावाची वस्तू नसते, हे मला
बाणेरला अकराव्या मजल्यावर
कमरेला दोर बांधून लटकताना नीट कळलं.
आत एक बाई म्हणत होती, "अजून गार होत नाही हो.
आणि मेकॅनिक कधी येणार?"
मीच मेकॅनिक. बाहेर, माझ्या पोटाशी,
पंखा तिच्या खोलीतली सगळी उष्णता
माझ्या शर्टात ओतत होता.

यंत्र काही बनवत नाही.
इथलं उचलतं, तिथं ठेवतं.
झाडताना कचरा हळूच
शेजारच्या उंबऱ्याकडे सरकवावा, तसं.
फक्त पाच वर्षांच्या गॅरंटीसह.

अण्णा पद्मावतीला पंखे भरायचे.
तांब्याची तार बोटांवरून सोडत वेढे मोजायचे,
मध्ये कुणी हाक मारली तर पुन्हा पहिल्यापासून.
पुण्यात पंखा म्हणजे एप्रिलचे पंधरा दिवस, म्हणायचे,
मग पेपरात गुंडाळून माळ्यावर.
मे महिन्यातही पहाटे पायाशी चादर लागायची.
ती चादर आता मी गाडीच्या सीटवर टाकते,
सीट भाजते म्हणून.

यंदा पहिला फोन नऊ फेब्रुवारीला आला.

खोटं कशाला सांगू, मला ऊन पावलंय.
उन्हानं पोरीची फी भरली,
उन्हानं स्कूटर दिली, हप्त्यावर का होईना.
आणि जुलैत धरणातून पाणी सोडलं,
नदीकाठच्या सोसायटीत तळमजल्यावर
मी बसवलेली सहाही युनिटं चिखलात बुडाली,
तेव्हा त्याचंही बिल मीच केलं.
गाळ काढताना एका जाळीत
कुणाच्यातरी लग्नाचा फोटो अडकला होता.
तो धुऊन गॅलरीच्या कठड्यावर वाळत ठेवला.
त्याचे पैसे लावले नाहीत.

जुनं युनिट उतरवताना आतला वायू
परत सिलिंडरमध्ये भरून घ्यायचा असतो.
त्याला वेगळा पंप लागतो आणि अर्धा तास.
मन्सूरभाई, ज्यांच्या हाताखाली मी शिकले,
नट सैल करून तोंड फिरवायचे.
फुस्स. दोन मिनिटं.
रंग नाही, वास नाही, साक्षीदार नाही.
मीही सोडला.
किती वेळा, ते मोजलं नाही.
अण्णांनी वेढे मोजले,
मी हे मोजलं नाही.

रात्री दोन वाजता जनता वसाहतीत
आमचा पत्रा अजून दुपारच बोलत असतो.
समोरच्या यमुनाबाई पोळपाट-लाटणं घेऊन
भिंतीच्या सावलीमागे सरकत पापड लाटतात.
दिवसाला शंभर कमी होतात, म्हणाल्या,
पीठ हातातच कोरडं पडतं.
मला वाटलं आता विचारतील,
तू कुठून आणतेस गं ही हवा?
विचारलं नाही त्यांनी.
उलट पाणी दिलं.

यंदा पंप घेतला. सेकंडहँड, घरघरतो.
शाळेची जुनी वही काढली,
तिच्यात भरून घेतलेले ग्रॅम लिहिते:
कोथरूड ६४०, वारजे ७१०,
औंधला गिऱ्हाईक म्हणालं, ताई, किती वेळ लावताय.
त्यापुढे फक्त तारीख आहे.

आणि रविवारी, बालवाडीच्या पत्र्यावर
आम्ही तिघींनी चुना दिला,
डिंक घालून, मीठ टाकून, दोन हात.
खालून पोरं ओरडत होती, "मावशी, दूध सांडलं!"
माझ्या पाठीवरही सांडलं होतं.
यमुनाबाईंचाही पत्रा करायचा होता,
पण बादली संपली.

सोमवारी दुपारी आत जाऊन
स्टुलावर चढून पत्र्याला खालून तळवा लावला.
गार नाही.
पण हात ठेवता येतो.
मनात दहापर्यंत मोजलं, हात ठेवूनच,

इतक्यात फोन वाजला.
उचलताना मोजणं चुकलं.
खाली उतरले नाही,
पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं.