जाण्याची तारीख

ग्रोनिंगेनला वारा रांगेत थांबत नाही,
सरळ आत येतो.
माणसांना मात्र कागद लागतात.

मी चित्स्के. प्रवेशाच्या टेबलाशी बसते,
एकोणीस वर्षं झाली.
शाळा आंतरराष्ट्रीय, पैसा सरकारचा,
म्हणून फी बेताची आणि अटी भरपूर.
पासपोर्टच्या प्रती, मागच्या शाळांचे दाखले,
आई किंवा बाप, कुणाच्या तरी कंपनीचं पत्र,
आणि त्या पत्रात एक वाक्य असावंच लागतं:
ही मंडळी इथे थोड्याच काळासाठी आहेत.

लोकांना आधी ते उमजतच नाही.
नगरपालिकेत सांगून आलेली असतात बिचारी
की राहणार, भाषा शिकणार, कचरा वेगळा करणार.
तोच चेहरा घेऊन माझ्यासमोर बसतात
आणि मी विचारते,
जाणार कधी?

मंगळवारी केतेवान आली. सोबत तिनातिन,
आठ वर्षांची, पुढचे दोन दात नवे, जरा मोठेच.
तिबिलिसी, मग इझमिर, मग इथे.
केतेवाननं आधी डबा उघडला. अक्रोडाचा केक.
तोंड गोड करा म्हणाली,
झुराबची नोकरी कायम झाली, कालच पत्र आलं.

पत्र उघडलं.
पवनचक्क्यांची कंपनी, निळा शिक्का,
आणि ओळीच्या मधोमध तो शब्द,
जो घरी सगळ्यांनी दोनदा-तीनदा मोठ्यानं वाचला असणार:
कायम.

केक तोंडातच होता माझ्या.
गिळवेना.

नियम असा आहे, मी म्हणाले
(तो मी केलेला नाही, हेही म्हणाले,
दर वेळी म्हणते, दर वेळी त्यानं काही होत नाही),
राहणाऱ्यांसाठी गल्लीतली शाळा आहे, चांगली आहे,
वर्षभर डच शिकवतात, मग सगळं डचमध्येच.
ही शाळा निघणाऱ्यांची.

केतेवान पत्राची घडी घालत राहिली,
घडीवर घडी, काड्यापेटीएवढी होईपर्यंत.
इझमिरला ही सात महिने बोलली नव्हती, म्हणाली.
शाळेत एक शब्द नाही. बाईंना वाटलं, ऐकूच येत नाही हिला.
आत्ता कुठे इंग्रजीत भांडायला लागलीय.

मला ते सात महिने माहीत आहेत.
आम्ही फ्रिसियन. घरी दुधाला मोल्के, शाळेत मेल्क,
एका स्वराचा फरक, आणि अख्खा वर्ग हसला होता.
पुढच्या वर्षी बापानं मातृभाषेच्या रकान्यात
डच असं लिहून टाकलं. खोटं म्हणून नव्हे, सोय म्हणून.
त्या सोयीत मी वाढले.
आईशी शेवटचं बोलले तेही डचमध्येच.

फॉर्मवर एक रकाना आहे: अपेक्षित प्रस्थान.
केतेवाननं बोट ठेवलं त्यावर.
तारीख टाकू? कुठलीही?

मी हो म्हणाले नाही. नको असंही नाही म्हणाले.
प्रिंटरमध्ये कागद घालायला उठले,
कागद भरपूर होते.

परत आले तर पेन तिनातिनच्या मुठीत
आणि दोघींचं काहीतरी चाललेलं, हळू, घाईनं.
मला त्यातला एकच शब्द ओळखता आला: वेलोसिपेदी.

जुन्या बाजारातून सायकल घेतली रविवारी, आई म्हणाली,
मुद्दाम मोठी घेतली, वर्षभरात पाय पुरतील.
आता ही विचारतेय,
तारीख लिहिली तर पाय पुरायच्या आत निघायचं का.

मी खाली फॉर्मकडे बघत राहिले.
शुक्रवारपर्यंत मुदत आहे, एवढंच सांगता आलं.

त्या गेल्या. खिडकीतून दिसत होतं:
आई पायी, पोरगी सायकलवर,
सीटपर्यंत न पोचता उभ्यानंच पायडल मारणारी,
वारा समोरून,
आणि रस्ता मोकळा असूनही सारखी घंटी.

डबा राहिला टेबलावर.
फॉर्मवरचे केकचे कण मी झटकले.
कोऱ्या रकान्यात एक तेलकट डाग उरला,
अंगठ्याएवढा.