कल्ला

रात्री पावणेदोनला मला वाटलं,
एखादा समुद्रसिंह नदीतून वर चढून
आमच्या जिन्यापर्यंत आलाय.
नवल नाही. वाल्दिव्हियात ते येतात.
मासळीबाजारामागच्या धक्क्यावर दिवसभर लोळतात,
मी फेकलेली डोकी गिळतात, त्यावरून भांडतात,
आणि रात्री त्यांचं भुंकणं
पत्र्याच्या छपरांवरून फिरत राहतं.
आम्ही त्यांना समुद्री लांडगे म्हणतो.

पुन्हा भुंकला.
या वेळी माझ्या उशीशेजारी.

आमारो उठून बसला होता. तीन वर्षांचा.
केस कपाळाला चिकटलेले, डोळे माझ्यावर.
खोकून झाल्यावर श्वास आत ओढताना
गळ्यातून असा आवाज,
जसं बिनातेलाच्या बिजागरीचं दार
कुणी मुद्दाम
हळू हळू उघडतंय.

यास्ना सॅमनच्या कारखान्यात, रात्रपाळीला.
तिथे फोन कुलपात ठेवावे लागतात.
घरात मी, आणि शेगडीत ओलं लाकूड, आणि धूर.

शेजारच्या ऑर्तेन्सियाचा उपाय मला पाठ आहे:
निलगिरीचा पाला, उकळतं पाणी, डोक्यावरून चादर.
पातेलं चढवलंसुद्धा.
मग दवाखान्याचा नंबर लावला.
नर्सचा आवाज झोपाळू, पण शब्द जागे.
"वाफ नको, पोरं भाजतात.
रडू देऊ नका. मांडीवर ताठ बसवा.
आणि सदरा वर करून बघा,
शांत असताना गळ्याखालचा खळगा आत ओढला जातोय का?
जात असेल तर थांबू नका, इकडे या.
ओठ निळे दिसले तर मला फोनही करू नका,
थेट गाडी बोलवा."

बावीस वर्षं मी मासे साफ करतोय.
टोपलीत, पाण्यावाचून,
कल्ला कसा उघडतो, मिटतो, उघडतो,
ते मी बघत नाही. हात चालू ठेवतो.
त्या रात्री सदरा वर केला
आणि बघितलं.
रडत होता तेव्हा खळगा आत जात होता.
थांबला की नाही.
थांबला की नाही, हे मी किती वेळा तपासलं
ते विचारू नका.

त्याला घोंगडीत गुंडाळून बाहेर आणलं.
जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर धूर पोचत नाही.
जूनची थंडी, नदीवरून चढणारं धुकं,
इतकं गार की माझेच दात वाजले.
मी म्हणालो, हळू, बाळा, हळू घे,
श्वास कुठे पळून जात नाहीये.
खोटं बोलताना मला नेहमी गाता येतं,
त्या रात्री गाता आलं नाही.

तो खोकला.
आणि पाण्यापलीकडून
कुणीतरी, जाडजूड, म्हातारं, चिडकं,
जशास तसं उत्तर दिलं.

आमारोनं मान वर केली.
"बाबा, तो मला ओरडतोय?"
आवाज घोगरा, जणू खिळ्यांनी भरलेला डबा.
"नाही," मी म्हणालो, "तुला नाव विचारतोय."
त्यानं सांगितलं नाही. अनोळखी लोकांना
नाव सांगायचं नसतं, हे मीच शिकवलंय.
पण ऐकत बसला,
आणि ऐकताना रडायचं विसरला,
आणि बिजागरी थोडी, अगदी थोडी,
करकरायची कमी झाली.

सकाळी डॉक्टरनं एकच मात्रा दिली, कडू.
निम्मी माझ्या शर्टावर.
मग दुसरी.

यास्ना आली तेव्हा तो पाव खात होता.
तिनं त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे,
मग शेगडीवरच्या त्या पातेल्याकडे,
पाला फुगून काळा पडलेल्या.
काही बोलली नाही. खिडकी उघडली.

दुपारी धक्क्यावर मी डोकं फेकलं,
त्या म्हाताऱ्यानं झेललं, भुंकला.
माझी सुरी थांबली.
टोपलीतला एक अजून हलत होता.
गिऱ्हाईक म्हणाली, लवकर करा हो.
केलं.

आज रात्रीही येऊ शकतो, नर्स म्हणाली होती.
जिन्यावर दोन घोंगड्या
आधीच ठेवल्यात.