पान तीनशे चाळीस

आईचं घर रिकामं करताना
विणायच्या सुयांच्या डब्याखाली सापडले तिन्ही भाग,
फिरत्या ग्रंथालयाचा शिक्का, परत करायची तारीख
एकतीस वर्षांपूर्वी उलटून गेलेली.
दंड मनातल्या मनात मोजला
आणि चहा थंड होऊ दिला.

आमच्या येल बेटावर झाड नाही.
वारा उभंच राहू देत नाही कुणाला,
मेंढ्यासुद्धा भिंतीला टेकून जगतात.
अरण्य मी पहिल्यांदा पाहिलं ते या पुस्तकात:
येस्का घोड्यावरून शिरते ते, पान एकोणीस.
पुढे इन्व्हरनेसजवळ खरं भेटलं
तेव्हा चिलटांनी फोडून काढलं, आणि मला वाटलं,
हे काही तितकंसं जमलेलं नाही.

जूनमध्ये रात्र होतच नसे.
बारा वाजता खिडकीशी, दिवा न लावता,
राखाडी उजेडात मी राज्यं जिंकली.
आजही जूनच आहे. उजेड तोच.
अक्षरं मात्र कुणीतरी बारीक करून ठेवलीत.
चष्मा शोधते, तो कपाळावर.

खरं सांगू, फार काही ग्रेट नाही.
प्रत्येक दरवाजा प्राचीन, प्रत्येक डोळा पाचूचा,
म्हातारा जादूगार कोड्यात बोलतो, कारण
सरळ बोलला असता तर पहिल्याच भागात आटोपलं असतं सगळं.
येस्का उसासे टाकते. मी मोजले, एकसष्ट.
आणि ती लढाई! आता मी मत्स्यशेतीचे हिशेब बघते,
त्या सैन्याला तीन आठवडे
खायला कोण घालत होतं, याची नोंद कुठेच नाही.

पण पान दोनशे बारावर घोडा मेला
आणि मी रडले.
ठाऊक होतं, आदल्या पानापासून तयारीत होते,
तरी रडले, त्याच ओळीला,
जिथे कागद आधीच
सुकून फुगलेला होता.

मग मी नावाड्याची वाट पाहत बसले.

माझा सगळ्यात लाडका प्रसंग. अगदी शेवटी
येस्का काळ्या पाण्यापाशी येते, नाणं पुढे करते,
नावाडी म्हणतो, "पैसे परतीच्या वेळी दे.
म्हणजे तुला परत यावं लागेल."
या एका वाक्याच्या जिवावर मी ॲबर्डीनला गेले,
एक लग्न केलं, ते मोडलं, आणि परत आले.

तिसरा भाग संपला. नावाडी आला नाही.
पुन्हा चाळला, मागून चाळला.
पाणी आहे, काळं आहे. येस्का ते
पुलावरून ओलांडते.

पूल!

पहाटे कधीतरी आठवलं:
तिसरा भाग आधी मॅग्नीने पटकावला होता.
सोमवारच्या फेरीबोटीत, लर्विकच्या वसतिगृहाकडे जाताना,
मी नको नको म्हणत असताना
वीस मिनिटांत त्याने शेवट सांगून टाकला,
डिझेलच्या वासात, कान लालबुंद,
माझ्याकडे न बघता.

तोच मॅग्नी आता त्याच बोटीवर असतो.
नारिंगी जाकीट, हातवारे करून गाड्या रांगेत लावतो.
वर्षानुवर्षं आम्ही हवेबद्दल बोलतो.
हवा आमच्याकडे पुष्कळ आहे.
आज मी काच खाली केली. म्हटलं,
नावाडी तिला काय म्हणतो रे, शेवटी?

कुठला नावाडी, असं त्याने विचारलं नाही.
"पैसे परतीच्या वेळी दे," तो म्हणाला.
"पान तीनशे चाळीस,
डावीकडे, खालून तिसरी ओळ."

पान तीनशे चाळीसवर मेजवानी आहे.
भाजलेली बदकं, मध, कुणी एक सरदार ढेकर देतो.
पुस्तक शेजारच्या सीटवरच होतं.
मी त्यावर स्कार्फ सारला.
"हो," म्हटलं, "तिथेच आहे."

मागची गाडी हॉर्न वाजवायला लागली.
त्याने तिकिटाचं मशीन पुढे केलं
आणि जाण्यायेण्याचे, दोन्ही,
आत्ताच घेतले.