निचऱ्याची नळी

ॲसिड म्हटल्यावर बाटली मी हातभर लांब धरली.
खेडच्या गॅरेजात लहानपणी
बॅटरीतल्या ॲसिडनं चड्डीला भोक पाडलेलं.
फार्मसीतली शेर्ली हसली:
हे पाणी धरून ठेवतं, मुकादमभाई.
ओल्या तोंडावर लावा, वर क्रीम, झाकणासारखं.
कोरड्या खोलीत नुसतंच लावलंत
तर हवेत मिळत नाही म्हणून
तुमच्याच आतलं ओढील.

हे मला समजावायला नको.
अकरा वर्षं शारजात एसी दुरुस्त करतोय.
खोलीतलं पाणी कुठे जातं, ठाऊक आहे:
थेंब थेंब, नळीतून, मागच्या बोळात.
तिथे साळुंक्या येतात प्यायला,
भर ऑगस्टात, चोची उघड्या.

रात्री आठ जणांच्या खोलीत
दोन थेंब गालावर, उरलेलं भेगाळल्या बोटांना.
"नवरदेव!" वरच्या बंकवरून दिलावर ओरडला.
मग हळूच उतरला
आणि तळवा पुढे केला.

तेवढ्यात नसीमाचा व्हिडिओ कॉल.
चेहरा चकाकतोय, म्हणाली, काय लावलंत?
म्हटलं, पाणी.
मग बराच वेळ कुणीच काही बोललं नाही,
एसी तेवढा चालू.

क्रीम लावायचं राहूनच गेलं.