चार सूत

अजनीच्या मैदानावर मी ज्यावर बसून गवत कापतो
त्याला सगळे ट्रॅक्टर म्हणतात. ट्रॅक्टर नाही ते.
खुर्ची आहे, स्टिअरिंग आहे,
पोटाखाली एक उपडं लोखंडी ताट
आणि ताटाखाली दोन पाती, जी फिरताना कधीच दिसत नाहीत.

मी बसायला लागून तीन आठवडे झाले,
आणि तीन आठवडे मैदानात पायऱ्या पडतायत.
एक पट्टा खाली, एक पट्टा वर,
न्हाव्याला मध्येच कोणी हाक मारावी तसं डोकं.
पोट्टे म्हणाले, काका, बॉल काऊन उड्या मारून राह्यला?
कडू साहेब म्हणाले, पाती बदला.
पाती बदलली.
पायऱ्या तशाच.

मग तांडापेठेतून शेषराव नंदनवार आला.
लेथवाला. बापाचा हातमाग होता,
म्हणून असेल, वाकडं त्याला लांबूनच टोचतं.
ताटाकडे त्यानं पाहिलंच नाही.
आधी चाकांना लाथ मारली, चारही, आणि गेज लावला.
डाव्यात अठरा, उजव्यात नऊ.
"पाय लंगडा, अन् तू पाठीले मलम चोळून राह्यला!"

दोन्ही चौदावर आणल्यावर अर्धी पायरी गेली.
अर्धी राहिली.

"सपाट जागा दाखव."
एवढ्या मोठ्या मैदानात सपाट जागा एकच निघाली,
सायकल स्टँडचं सिमेंट.
तिथं त्यानं प्लगची वायर उपसून बाजूला ठेवली,
हाताला पोतं गुंडाळलं,
पातं हळूहळू आडवं आणलं
आणि माझ्या पोरीची कंपासमधली पट्टी
टोकाखाली उभी धरली.
उजवीकडे तीन इंच.
डावीकडे तीन इंच चार सूत.
"पुढून मागं बरोबर हाय. दोन सूत खाली पायजे पुढं,
नाहीतर कापलेलं पुन्हा कापते."
मग तो डाव्या नटापाशी आडवा झाला
आणि बराच वेळ काही बोलला नाही.
यार्डात एक मालगाडी रिकामीच शंटिंग करत होती.

"हे बिघडलं नाई," तो म्हणाला. "हे केलं हाय."
नट सैल नव्हता. वर दुसरा नट चढवून आवळलेला,
आणि त्यावर पांढऱ्या पेंटचा ठिपका,
परत कोणी हात लावू नये म्हणून.

तेव्हा मला हरिदास लोणारे दिसले.
सोळा वर्षं याच खुर्चीवर.
ट्रकवरून पडले तेव्हापासून उजवा खुबा गेलेला,
म्हणून सगळा भार डाव्या बुडावर. शहाण्णव किलो.
ते बसले की यंत्र डावीकडे दबायचं.
म्हणून चार सूत त्यांनी आधीच वर उचलून ठेवले,
डाव्या चाकात हवा जास्तीची भरली,
आणि सोळा वर्षं मैदान टेबलासारखं होतं.
ते खुर्चीत असेपर्यंत यंत्र सरळ होतं.
मी चोपन्न किलो. मी ताठ बसतो.

"सोडू ना?" शेषरावनं विचारलं.
काय सांगणार. सोड म्हटलं.
साडेचार फेरे. त्यानं मोठ्यानं मोजले.
तारेचा ब्रश काढला तेव्हा मात्र मी हात धरला,
ठिपका राहू दे.
नटासोबत तोही फिरला होता,
पुढं बघायचा, आता इंजिनाकडे तोंड करून.

संध्याकाळी पहिला पट्टा ओढला, मग दुसरा त्याला लागून.
सांधा दिसेना.
फक्त साइटस्क्रीनपाशी एक लांबट खळगा,
तिथं अजून मिशी राहते.
शेषराव म्हणाला, "थे माझ्याकडे नाई. थे जमिनीचं हाय."
चारशे घेतले. पोरीची पट्टी पुसून परत दिली.

खुर्चीचा फोम तेवढा बदलला नाही.
डावीकडे खोल खचलाय, रेक्झिनला तिथंच भेगा.
चार वाजले, ऊन पाठीवर आलं, थकलो,
की मीही त्या खळग्यात घसरत जातो
नकळत,
आणि मग मागे वळून
कापलेलं बघतो.